बासेलहून व्हिट्रा कॅम्पस: घरच्यांना घेऊन एका दिवसाची सहल, पायरीपायरीने

स्वित्झर्लंडच्या सहलीत टिटलिस, युंगफ्राउयोख, ल्युसर्नचं तळं आणि ऱ्हाईनचा धबधबा हे ठरलेलंच असतं. त्या आखणीत एक दिवस मोकळा काढता आला तर तो बासेलला द्या आणि तिथून सीमेपलीकडच्या वाईल आम ऱ्हाईन या जर्मन गावात जा. व्हिट्रा या फर्निचर कंपनीचा कॅम्पस तिथे आहे. खुर्च्या, दिवे, घड्याळं, मुलांच्या वस्तू अशा घरात लागणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे मांडलेल्या खोल्यांमधून बघता येतात. आवारातल्या इमारती आपल्या काळातल्या नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधल्या आहेत. आजी-आजोबांना बसायला जागा मिळते, मुलांना घसरगुंडी मिळते, आणि घर नव्याने लावायच्या विचारात असलेल्या जोडप्याला एका दिवसात जेवढं कळतं तेवढं आपल्याकडच्या महिनाभराच्या दुकानफेऱ्यांत कळत नाही.

याचं कारण म्हणजे इथे वस्तूवर बसता येतं, ती हलवता येते, उलटी करून बघता येते आणि कुणी मागे लागत नाही. म्हणून दिवसाची आखणी करताना खरेदीला शेवटचा तास ठेवा आणि त्याआधीचा वेळ वापरून बघण्यासाठी राखा. पुढची सगळी तयारी त्याच हिशोबाने सांगते आहे.

घरून निघण्याआधी: टेप घ्या आणि मापं लिहा

हे काम पुण्यात, ठाण्यात, नागपुरात, जिथे राहता तिथेच होतं आणि सहलीचा निम्मा उपयोग त्यावर ठरतो. दुकानातल्या खोल्या मोठ्या आणि छत उंच असतं. तिथे आटोपशीर वाटणारी खुर्ची आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये अख्खा कोपरा खाते.

फोनमध्ये एक नोंद करा आणि सगळी मापं सेंटिमीटरमध्येच लिहा, कारण तिथल्या प्रत्येक चिठ्ठीवर सेंटिमीटरच असतात. फुटांचा हिशोब तिथे उभं राहून करत बसू नका. एवढं टिपा:

- हॉल आणि झोपायच्या खोल्यांची लांबी-रुंदी, खिडक्या-दारं कुठे आहेत त्याच्या साध्या आकृतीसह
- मुख्य दाराची मोकळी रुंदी, आणि सोसायटीच्या लिफ्टची आतली लांबी, रुंदी, उंची
- जमिनीपासून छतापर्यंतची उंची. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्यापर्यंतची
- छताला हूक किंवा दिव्याचा पॉइंट नेमका कुठे आहे
- जेवणाच्या टेबलाची उंची आणि सध्याच्या खुर्च्यांच्या बैठकीची उंची
- ज्या भिंतीवर काही लावायचं आहे ती विटांची आहे की काँक्रीटची

प्रत्येक खोलीचे दोन फोटो दिवसा, दिवे बंद ठेवून काढा. भिंतीचा रंग रात्रीच्या फोटोत खोटा दिसतो. आणि घडीचा छोटा टेप सामानात टाका. तो केबिन बॅगेत अडला तर वाद नको, म्हणून चेक-इन बॅगेतच ठेवा.

घरातल्या ज्येष्ठांचं एक माप वेगळं घ्यायचं. पाय जमिनीला पूर्ण टेकवून बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा. खुर्चीची बैठक याच्या आसपास असली की उठताना गुडघ्यांवर ताण येत नाही. माझ्या सासूबाईंचं माप आम्ही असं घेतलं होतं. कुठली खुर्ची त्यांना चालेल ते तिथे गेल्यावर चिठ्ठ्या वाचूनच निम्मं कळलं, आणि एकेका खुर्चीत बसून उठण्याचा त्यांचा त्रास वाचला.

दिवस कोणता निवडावा

कॅम्पस आठवड्याचे सगळे दिवस उघडा असतो, साधारण सकाळी 10 ते संध्याकाळी 6. नाताळच्या आसपास जात असाल तर वेळा आधी बघा. रविवारी जर्मनीतली इतर दुकानं बंद असतात. किराणा, औषधं, मुलांचं काही घ्यायचं असेल तर ते शनिवारीच उरका.

बासेलमध्ये दोन काळ गर्दीचे असतात. जूनमध्ये आर्ट बासेल हा मोठा कलामेळा भरतो आणि हॉटेलांचे दर चढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फासनाख्त, म्हणजे तिथला मुखवट्यांचा उत्सव असतो. तीन दिवस शहरातल्या ट्रामचे मार्ग बदललेले असतात. माझी पसंती ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंतच्या दिवसांना आहे, त्याचं कारण पुढे बागेत येईल. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनीही बिनधास्त जावं. हवा छान असते, फक्त बाग तेव्हा नुकती जागी होत असते.

कसं पोचायचं

झ्युरिकहून आणि ल्युसर्नहून बासेलला रेल्वेने साधारण तासाभरात पोचता येतं, इंटरलाकेनहून दोन तास लागतात. उतरायचं स्टेशन बासेल एसबीबी.

तिथून पुढे दोन रस्ते आहेत. पहिला 8 नंबरच्या ट्रामचा. ती स्टेशनसमोरून निघते, जुन्या शहराच्या मधून जाते, ऱ्हाईनवरचा मधला पूल ओलांडते आणि सीमा पार करून थेट वाईलमध्ये थांबते. ही ट्राम 2014 च्या डिसेंबरपासून सीमेपलीकडे जाऊ लागली. शेवटच्या थांब्यावरून कॅम्पस पंधरा-वीस मिनिटं चालत. वाईल स्वतःला खुर्च्यांचं गाव म्हणवतं आणि गावात जागोजागी गाजलेल्या खुर्च्यांच्या अवाढव्य प्रतिकृती उभ्या आहेत. मुलांना त्या शोधायला लावल्या की चालणं जाणवत नाही.

दुसरा रस्ता 55 नंबरच्या बसचा. ती क्लाराप्लाट्झ आणि बाडिशर बानहोफ या थांब्यांवरून मिळते आणि ‘व्हिट्रा’ नावाच्या थांब्यावर, अगदी दारात सोडते. आजी-आजोबा किंवा बाबागाडी बरोबर असेल तर जाताना बसच घ्या. ती ट्रामइतकी वारंवार नसते, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावरून फोनमध्ये टिपून घ्या. तो थांबासुद्धा बघण्यासारखा आहे: जास्पर मॉरिसन या ब्रिटिश डिझायनरने केलेला.

तिकिटाबाबत सावध राहा. बासेलच्या हॉटेलात राहणाऱ्यांना शहरातल्या प्रवासासाठी पाहुण्यांचं कार्ड मिळतं, काहींकडे स्विस पास असतो. पण हे पास सीमेपलीकडच्या टप्प्यापर्यंत चालतीलच असं धरून चालू नका. मशीनवर उतरायचं ठिकाण निवडून तिकीट काढा किंवा हॉटेलच्या काउंटरवर विचारा.

सीमा ओलांडताना काही गोष्टी बदलतात. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी अडत नाही. पण जर्मनीने सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू केली आहे, म्हणून सगळ्यांचे मूळ पासपोर्ट बरोबर हवेत, मुलांचेसुद्धा. पैसे बदलतात: फ्रँक संपून युरो सुरू होतात, तेव्हा फॉरेक्स कार्डावर थोडे युरो आधीच भरून ठेवा. आणि मोबाइलचा पॅक बघा. काही सिम कार्डं एका देशात चालतात आणि दुसऱ्यात वेगळा आकार लावतात, शिवाय सीमेजवळ फोन आपणहून पलीकडचं नेटवर्क पकडतो.

पहिला तास: वरून खाली या

आत शिरल्यावर माहिती खिडकीवर कॅम्पसचा नकाशा मागून घ्या. वास्तुरचनेच्या मार्गदर्शित फेरीचं तिकीट आधी काढलं नसेल तर आत्ताच चौकशी करा. इंग्रजी फेरीच्या जागा मर्यादित असतात आणि ती साधारण दोन तासांची असते.

मग व्हिट्राहाउसमध्ये जा, मांडलेल्या खोल्या तिथेच आहेत. 2010 साली पूर्ण झालेली ही इमारत बासेलच्याच हर्झोग अँड द म्यूरॉन यांनी केली. उतरत्या छपरांची बारा लांबट घरं एकमेकांवर आडवीतिडवी रचली आहेत. प्रत्येक घराच्या टोकाला पूर्ण काचेची भिंत. एकीतून द्राक्षमळ्यांची ट्युलिंगरची टेकडी दिसते, दुसरीतून बासेल. प्रवेश मोफत आहे.

लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जा आणि बघत बघत खाली उतरा. रचनाच तशी केली आहे. दुकान आणि कॅफे तळमजल्यावर आहेत, त्यामुळे खालपासून सुरुवात केली तर मुलं दुकानातच अडकतात आणि वरचं सगळं राहून जातं. आतले जिने वळणाचे आहेत. ज्यांना जिने नकोत त्यांनी प्रत्येक मजल्यावर लिफ्टच वापरावी, कुठेही अडत नाही.

बसून बघायचं म्हणजे काय करायचं

दिवसाचा सर्वात मोलाचा भाग हा. घाई करू नका.

आवडलेल्या खुर्चीत निदान दहा मिनिटं बसा. पहिल्या मिनिटाला सगळ्याच खुर्च्या छान वाटतात. पाचव्या मिनिटाला मांडीखाली बैठकीची कड जाणवू लागते, आठव्या मिनिटाला मान कुठे टेकवावी हा प्रश्न पडतो. बसल्या बसल्या फोन हातात घ्या, मांडीवर पुस्तक ठेवल्यासारखं करा, मांडी घालून बसता येतं का ते बघा. आपल्याकडे सोफ्यावर मांडी घालणारी माणसं घरटी दोन तरी असतात. ज्या बैठकीची खोली 50 सेंटिमीटरहून कमी, तिच्यावर मांडी घालणं अवघडच.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची 1956 ची लाउंज चेअर इथे सगळ्यांना बसून बघायची असते. तिच्याजवळ एक गोष्ट नीट बघा. माणसांची सरासरी उंची वाढली म्हणून व्हिट्रा ही खुर्ची दोन मापांत बनवते: एक मूळचं, एक थोडं मोठं. शेजारी शेजारी असतील तर दोन्हींत बसा. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाचे पाय मोठ्या मापाच्या खुर्चीत जमिनीला नीट टेकत नाहीत, लहान मापात टेकतात. प्लॅस्टिकच्या बैठकीच्या ईम्स खुर्च्यांचंही तसंच: बैठकीची उंची चिठ्ठीवर वाचा आणि घरून आणलेल्या मापाशी ताडून बघा.

याच दांपत्याचं आपल्याशी जुनं नातं आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते देशभर फिरले आणि 1958 साली त्यांनी डिझाइनच्या शिक्षणाबद्दल अहवाल दिला. त्यातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वात जास्त वाखाणलेली वस्तू म्हणजे आपला साधा पाण्याचा लोटा: हातात कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो. मुलांना ही हकिगत लाउंज चेअरपाशीच सांगा. मग खुर्ची बघताना तीही तेच प्रश्न विचारू लागतात.

खुर्ची खालून बघायला संकोच करू नका. पाय बैठकीला कसे जोडले आहेत, स्क्रू दिसतात की नाही, मध्ये रबराची चकती आहे का, पायांच्या तळाला कुठली टोपी आहे. घरी गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी असेल तर कडक प्लॅस्टिकची टोपी चरे पाडेल, तिथे फेल्टची लागते. दोन्ही प्रकार मिळतात का ते विचारा. कापडाच्या नमुन्यांची पुस्तकं असतात, तीही चाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जाड लोकरी कापड नको. घट्ट विणीचं, पुसता येणारं कापड बघा.

आवडलेल्या प्रत्येक वस्तूचा एक फोटो वस्तूचा आणि एक फोटो चिठ्ठीचा, असे लागोपाठ काढा. संध्याकाळी हॉटेलात बसून कुठली वस्तू कुठली हे आठवत नाही, आणि पुढे भारतात अधिकृत विक्रेत्याकडे विचारायचं झालं तर नाव-माप-रंग चोख हवा.

मुलांचं काय

शाळेत जाणाऱ्या मुलांना आत तासभर पुरतो, त्यानंतर त्यांना बाहेर सोडा. कार्स्टन ह्योलर या कलावंताने 2014 साली उभारलेला सुमारे 31 मीटर उंचीचा मनोरा आवारात आहे. त्यावर जिन्याने चढायचं, वरून परिसर बघायचा आणि वळणावळणाच्या 38 मीटर लांब नळीतून घसरत खाली यायचं. उंची-वयाचा फलक आधी वाचा. पाऊस किंवा वारा असेल तर घसरगुंडी बंद ठेवतात, म्हणून सकाळी कोरडं असेल तर दुपारवर टाकू नका. सुती पॅंट घातली तर अंगाला घासत नाही.

आत असताना मुलांना एकेक काम द्या. लाल खुर्च्या मोजणं लहानग्यांना पुरतं. थोड्या मोठ्यांना विचारा, की या खोलीत राहणारं माणूस काय करत असेल? शेल्फवरच्या वस्तू बघून ती अंदाज बांधतात. ईम्स हत्ती हमखास आवडतो. 1945 मध्ये तो प्लायवूडमध्ये केला गेला तेव्हा विक्रीला आलाच नाही. 2007 पासून प्लॅस्टिकमध्ये मिळतो आणि त्यावर मुलं बसू शकतात. मात्र प्रदर्शनातल्या काही वस्तूंना हात लावू नये अशी खूण असते. मुलांना ती खूण पहिल्या मजल्यावरच दाखवून ठेवा.

जेवण

व्हिट्राहाउसमध्ये कॅफे आहे. शाकाहारी काही ना काही मिळतं, पण ऑर्डर देताना अंडं-मासा चालत नाही हे स्पष्ट सांगा. तिथे ‘शाकाहारी’ म्हटल्यावर अंडं धरलेलं असतं. डब्यातल्या दशम्या-चटणी कॅफेत उघडू नका. बाहेर हिरवळीवर बसून खुशाल खा आणि कचरा बरोबर न्या. घरून निघताना एवढं ध्यानात ठेवा की युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून आणायला मनाई आहे, म्हणजे पेढे, खव्याच्या वड्या नकोत. चिवडा, शेंगदाण्याचे लाडू चालतात.

दुपार: बाकीचं आवार

1981 साली वीज पडून लागलेल्या आगीत कारखान्याचा मोठा भाग जळाला. पुन्हा बांधताना त्या वेळचे प्रमुख रोल्फ फेल्बाउम यांनी वेगवेगळ्या देशांतल्या रचनाकारांना एकेक इमारत दिली. पहिली निकोलस ग्रिमशॉ यांची, आगीनंतर काही महिन्यांत उभी राहिलेली. 1989 मध्ये फ्रँक गेहरी यांचं डिझाइन म्युझियम आलं, हे त्यांचं युरोपातलं पहिलं काम. 1993 मध्ये झाहा हदीद यांचं अग्निशमन केंद्र आलं. त्याचे धारदार काँक्रीटचे कोन आजही नवे वाटतात, आणि प्रत्यक्ष बांधून झालेली त्यांची ही पहिली इमारत. त्याच वर्षी तादाओ आंदो यांचा सभामंडप. मार्गदर्शित फेरीत यांची ओळख होते. मोठी मुलं असतील तर फेरी घ्याच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन तास उभं ठेवणं जमणार नाही, तेव्हा घरच्यांनी आळीपाळी करावी.

फेरी न घेताही दोन-तीन जागा चुकवू नयेत. पहिली शाउडेपो, 2016 मध्ये उघडलेलं विटांचं बिनखिडक्यांचं दालन. त्याला तिकीट आहे. 1800 पासून आजपर्यंतच्या चारशेहून अधिक खुर्च्या आणि फर्निचर तिथे मांडलंय. आजोबांना त्यांच्या ऑफिसातल्या, इराण्याच्या हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीची मूळ बहीण इथे भेटते.

दुसरी छत्रीघर. काझुओ शिनोहारा यांनी 1961 साली तोक्योत बांधलेलं हे लाकडी घर पाडलं जाणार होतं, ते सुटं करून 2022 मध्ये इथे पुन्हा उभं केलं. क्षेत्रफळ सुमारे 55 चौरस मीटर, म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या आत. आपल्याकडच्या वन बीएचकेएवढं. उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखं छत वर आणि खाली एकच मोठी मोकळी जागा. कमी जागेत राहणाऱ्यांना व्हिट्राहाउसच्या ऐसपैस खोल्यांपेक्षा हे घर जास्त शिकवतं, असं माझं मत आहे.

आणि तिसरी जागा आपल्या जवळची. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी 1927 साली पुण्यात जन्मले, मुंबईच्या जे.जे.त शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिएंकडे उमेदवारी केली आणि 2018 मध्ये प्रिट्झकर हा वास्तुरचनेतला सर्वात मानाचा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. 2019 मध्ये त्यांच्या कामाचं प्रदर्शन याच आवारातल्या म्युझियममध्ये भरलं होतं. फेल्बाउम यांनी मोढेऱ्याचं सूर्यमंदिर पाहिलं आणि तशा शांत बसण्याच्या जागेची विनंती दोशींना केली. दोशी 2023 मध्ये गेले. नात खुशनू पंथकी हूफ आणि सॉन्के हूफ यांच्यासोबत त्यांनी आखलेली ती जागा, दोशी रिट्रीट, 2025 मध्ये उघडली. गंजाच्या रंगाच्या पोलादी भिंतींमधून एक वळती वाट हळूहळू जमिनीत उतरते, चालताना घंटानादासारखे आणि बासरीचे सूर ऐकू येतात आणि शेवटी बसायची गोल जागा येते. कल्पना दोन गुंफलेल्या नागांवरून सुचलेली. पुण्याच्या माणसाचं हे काम इतक्या दूर बघताना ऊर भरून येतो. इथे मुलांना धावू देऊ नका, फोन आवाज बंद करून ठेवा आणि पाच मिनिटं तरी बसा.

पीट ऑडॉल्फ यांची बाग व्हिट्राहाउसजवळच आहे. 2020 मध्ये लावली, सुमारे 4,000 चौरस मीटर, रोपं तीस हजारांच्या घरात. गवतं आणि फुलझाडं उन्हाळ्याच्या शेवटी पूर्ण भरतात आणि शरदात सुकतानाही देखणी दिसतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हटलं ते यासाठी. थकलेल्यांना बाकावर बसवून खरेदीला जायचं तर हीच जागा.

काय घ्यावं, काय नाही

मोठं फर्निचर इथून नेण्याचा विचार सोडा. विमानाच्या बॅगेला तीन बाजूंची बेरीज 158 सेंटिमीटर आणि बहुतेक तिकिटांवर 23 किलो अशी मर्यादा असते. सोफा, टेबल, लाउंज चेअर आवडली तर नाव-माप घ्या आणि भारतात अधिकृत विक्रेत्याकडून भाव मागवा. वाहतूक, ड्यूटी आणि मोडतोडीची जबाबदारी त्याच्यावर राहते.

बॅगेत नेण्याजोगी माझ्या मते सर्वात चांगली वस्तू म्हणजे अकारी दिवा. इसामू नोगुची यांनी 1951 पासून जपानच्या गिफू शहरात हे दिवे करायला सुरुवात केली. बांबूच्या बारीक काड्यांवर तुतीच्या सालीचा हातकागद चिकटवलेला असतो. आपला घडीचा आकाशकंदील जसा दाबून चपटा होतो तसाच हा होतो आणि पातळ खोक्यात बसतो. वजन नगण्य. उघडताना घाई करायची नाही: आतली तारेची चौकट बसवून दोन्ही हातांनी सावकाश ताणायचा, म्हणजे काड्यांच्या मधला कागद फाटत नाही. पावसाळ्यात ओलसर भिंतीपासून आणि उघड्या खिडकीपासून लांब टांगा.

दिवा कुठलाही घ्या, वायर आणि होल्डर बरोबर आहे ना ते बघा. युरोपातला विद्युतदाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. प्लग मात्र वेगळा असतो आणि होल्डर आट्यांचा असतो. आपल्याकडचा खाचेचा बल्ब त्यात बसत नाही, आट्यांचा एलईडी बल्ब घ्यावा लागतो. तो भारतात कुठेही मिळतो, तिथून आणू नका.

मुलांच्या खोलीसाठी रंगीत लाकडी गोळ्यांचं ईम्सचं हँगर (1953) छान, पण खोका रुंद असतो, बॅगेचं माप काढूनच घ्या. जॉर्ज नेल्सनची घड्याळं बॅटरीवर चालतात, त्यामुळे चिंता नाही. गाजलेल्या खुर्च्यांच्या एकास सहा प्रमाणातल्या प्रतिकृती बघायला अप्रतिम आहेत. किमती काही शे युरोंच्या घरात जातात, आणि त्या खेळणी म्हणून देण्याच्या नाहीत. बजेट छोटं असेल तर ट्रे, कापडी पिशव्या, पोस्टकार्डं घ्या. अलेक्झांडर जिरार्ड यांच्या नक्ष्यांची कार्डं फ्रेम करून लावली की भिंत खुलते.

कार्ड घासताना मशीन रुपयांत पैसे घेऊ का असं विचारतं. नाही म्हणा आणि युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

कर परतावा आणि कस्टम

जर्मनीतल्या किमतीत 19 टक्के व्हॅट धरलेला असतो. 119 युरोंच्या वस्तूत 19 युरो कर. तुमचं कायमचं वास्तव्य युरोपीय संघाबाहेर असेल आणि एका बिलाची रक्कम 50 युरोंच्या वर असेल तर त्यातला बराचसा परत मिळू शकतो. परतावा देणाऱ्या कंपनीचं शुल्क वजा होतं. जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकांच्या नावावर बिल केलं तर हा लाभ जातो, म्हणून बिल भारतीय पासपोर्टधारकाच्याच नावावर करा. क्रम असा:

1. पैसे देण्याआधीच काउंटरवर पासपोर्ट दाखवून करमुक्तीचा फॉर्म मागा. नंतर मागितला तर पुन्हा रांग.
2. फॉर्मवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. वस्तू वापरू नका, सील फोडू नका.
3. युरोपीय संघ सोडताना कस्टमचा शिक्का घ्यायचा. स्वित्झर्लंड या संघात नाही, त्यामुळे बासेलला परतलात की माल संघाबाहेर गेला. शिक्का सीमेवरच्या जर्मन कस्टम कार्यालयातच घ्यावा लागतो, झ्युरिक विमानतळावर मिळत नाही. कार्यालयाच्या वेळा दुकानातच विचारून घ्या आणि परतताना सीमेच्या थांब्यावर उतरा. वस्तू हातात हवी, दाखवायला सांगतात.
4. खरेदीच्या महिन्यानंतरचे तीन महिने संपायच्या आत माल संघाबाहेर जायला हवा.

स्वित्झर्लंडमध्ये शिरताना 1 जानेवारी 2025 पासून दर माणशी दर दिवशी 150 फ्रँकपर्यंतचा माल करमुक्त आहे. आधी ही मर्यादा 300 होती. मुलांचीही स्वतंत्र धरली जाते, पण एकच महागडी वस्तू चौघांत वाटून दाखवता येत नाही. त्याहून जास्त असेल तर स्विस कस्टमच्या मोबाइल ॲपवर जाहीर करा. बिलं हाताशी ठेवा. लपवून नेलेलं सापडलं तर दंड वस्तूपेक्षा जड होतो.

पुढे पॅरिस किंवा जर्मनीतल्याच ब्लॅक फॉरेस्टला जाऊन तिथूनच परतायचं असेल तर दिवसाचा क्रम बदला. स्वित्झर्लंड आधी उरका आणि वाईलहून थेट फ्रायबुर्गकडे निघा. मग शिक्का युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, बॅग चेक-इन करण्याआधी घ्यायचा.

बॅग आणि भारतातलं आगमन

ठिसूळ वस्तू केबिन बॅगेत, मऊ कपड्यांच्या मध्ये. मूळ खोका चेक-इन बॅगेत ठेवायचा तर त्याच्या आतल्या मोकळ्या जागेत मोजे कोंबा, म्हणजे वस्तू हलत नाही. कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, हँगरबरोबर आलेली हत्यारं चेक-इनमध्ये. बटणसेल आणि सुट्या बॅटऱ्या मात्र केबिनमध्ये.

भारतीय कस्टमची सामान-सवलत दर प्रवाशागणिक असते आणि कुटुंबाने एकत्र धरता येत नाही. एका वस्तूचं बिल एकाच प्रवाशाच्या खात्यात मोजलं जातं. चालू मर्यादा निघायच्या आधी कस्टमच्या संकेतस्थळावर बघा, वरचढ असेल तर लाल मार्गाने जा. सगळी बिलं एका पाकिटात, पासपोर्टसोबत. त्यांचे फोटोही काढून ठेवा, कारण तिकडच्या दुकानांतली उष्णकागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, आणि हमीच्या मुदतीत काही बिघडलं तर दुकान आधी बिलच मागतं.